मास्टर कृष्णराव

इंद्रायणीच्या तीरावर देहूप्रमाणेच आळंदी हेही पुण्यक्षेत्र वसले आहे. तेथे २० जानेवारी १८९८ रोजी कृष्णराव फुलंब्रीकर यांचा जन्म झाला. बालवयातच नाट्यकलाप्रवर्तक मंडळीच्या रंगभूमीवर त्यांनी आपल्या गोड गळ्याने रसिकांची मने जिंकली. पुढे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्यापाशी त्यांनी शास्त्रीय संगीताचे अध्ययन केले.

या भक्कम पायावर त्यांचे कर्तृत्व अनेक अंगांनी फुलले. त्यांनी मैफिली गाजविल्या, गंधर्व नाटक मंडळीच्या 'कान्होपात्रा' नाटकातील पदांना चाली दिल्या, प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' (१९३५), 'माणूस' (१९३९), 'शेजारी' (१९४१) या बोलपटांना संगीत दिले आणि 'रागसंग्रह' ही सात भागांची ग्रंथमाला सिद्ध केली.

परंतु त्यांना खरा ध्यास होता तो 'वंदे मातरम्' या गीताचा. इंग्रजी अमदानीत नभोवाणीवर ते गाऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी तेथे गाणेच सोडले. स्वातंत्र्यानंतर, हे गीत समूहाला गाण्यास व वाद्यवृंदाला वाजविण्यास अवघड आहे, असा आक्षेप निघाला. कृष्णरावांनी झिंझोटी रागात सोपी चाल बांधली व दिल्लीस जाऊन ती घटना समितीच्या सभासदांना ऐकविली. २४ जानेवारी १९५० रोजी 'जनगणमन' हे राष्ट्रगीत ठरले. 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला.

मनीचा हेतू पूर्ण झाला नाही, तरी कृष्णरावांची संगीतसेवा थांबली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदनेलाही स्वरसाज चढविला. १९७१ मध्ये ते पद्मभूषण झाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. फळाची वाट न पाहता कार्य करीत राहणे, हाच त्यांच्या जीवनाचा धडा होय.