टेक्स्चरचा जोड दिसतोय? एशरला भेटा

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी किल्ल्याच्या भिंतीचा फोटो काढा आणि गेममध्ये टेक्स्चर म्हणून शेजारी-शेजारी लावा. प्रत्येक जोडावर रेघ दिसेल. डच चित्रकार एम. सी. एशर हाच जोड लपवायला आयुष्यभर झटला, तेही कॉम्प्युटरशिवाय.

जन्म १८९८. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत नापास. १९२२ मध्ये स्पेनच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातल्या फरशा पाहून तो वेडावला, पण स्वतःला तसं काही जमेना. १९३६ मध्ये बायको येट्टासोबत पुन्हा गेला. दोघांनी बसून नक्षी कागदावर उतरवली. मग भूगर्भशास्त्रज्ञ सावत्र भावाने त्याला गणितज्ञ पोल्याच्या लेखापर्यंत पोचवलं. सपाट जागेवर नक्षी रिपीट करायचे प्रकार फक्त १७! गणित डोक्यावरून गेलं, पण आकृत्या सतराही उतरवून घेतल्या. (इंजिनिअरिंगला आपण वेगळं काय केलं?)

तिथून गाडी सुटली. एका पक्ष्याची कड हीच पुढच्या पक्ष्याची कड, मध्ये रिकामी जागाच नाही. १९७२ मध्ये तो गेला तेव्हा अशी १३७ चित्रं नंबर टाकलेली होती.

आपण गिंपमध्ये ऑफसेट मारतो, कडा मधोमध येतात, जोड पुसतो. त्याला त्या आधी डोक्यातच जुळवाव्या लागायच्या.