रीत कुठून आली? श्रीतुकोबारायांचे चरित्र

॥ रामकृष्ण हरी ॥

आपली इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगवते आणि मावळातून देहूला जाते. नदीचा उगम बोटाने दाखवता येतो. पण दिंडीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ही रीत कुठून उगवली, असं पोरं आम्हाला विचारतात. आम्ही चौथी शिकलेले. शास्त्र येत नाही, म्हणून तुकोबारायांचं चरित्र सांगतो.

तुकोबा कुणब्याच्या घरचे. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी महाजनकी, दुकान, सावकारी. थोरले सावजी विरक्त, म्हणून प्रपंचाचा भार तुकोबांवर आला. आईबाप गेले. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पहिली बायको रखमाबाई अन्नान्न करीत गेली, मुलगाही गेला. धंद्याचं दिवाळं निघालं.

घेतलेलं कर्ज फेडावं, हा जगाचा नियम. कुळांची खतं घरात होती. पण दुष्काळात कुळंही तशीच पोळलेली. तुकोबांनी धाकट्या कान्होबांचा निम्मा वाटा त्यांच्या हाती दिला. दुसऱ्याच्या वाट्यावर धर्म केला नाही. आपली निम्मी खतं मात्र इंद्रायणीत सोडली.

पुढे अभंग होऊ लागले. शूद्राला हा अधिकार नाही, म्हणून वाघोलीच्या रामेश्वरभटांनी वह्या बुडवायला लावल्या. तोही नियमच, पोथीतला. तुकोबा १३ दिवस उपाशी नदीकाठी बसले. वह्या कोरड्या वर आल्या, अशी आपली श्रद्धा. एकाच नदीत दोन्ही कागद गेले. खतं बुडाली ती बुडालीच, वह्या तरल्या. तेच रामेश्वरभट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. आपल्या मावळातल्या सुदुंबऱ्याचे संताजी तेली आणि वाघोलीचे भटजी एका कीर्तनात उभे राहिले.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले. ती आपली बीज. त्यांचे चिरंजीव नारायणबाबांनी १६८५ साली पालखी सुरू केली.

तर रीत नुसत्या हुकमाने येत नाही. कुणीतरी आधी आपल्या पदराला खार लावून ती पाळतो. बघून दुसरा पाळतो. नातवंडांना वाटतं, ही पहिल्यापासूनच आहे.

हे आम्ही ३० वर्षं कीर्तनात सांगतो. पण आमच्या ट्रंकेत भावकीतल्या एकाची उसन्या पैशाची चिठ्ठी होती. त्याचं भात दोन सालं पावसाने झोपलं, तरी आम्ही ती धरून होतो. यंदा मुलाला विचारलं, त्याचाही वाटा त्यात. तो हो म्हणाला. बीजेला चिठ्ठी देहूला नेली. परत आणली नाही.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥