दातांची तार गोलाची आयताकृती कशी झाली?

वाशीम, कारंज्यातल्या शाळकरी मुलांच्या दातांवरही आता तार दिसते. बहुधा स्टीलची किंवा निकेल-टायटॅनियमची. ही तार फार ताठ असली तर दात दुखतो, फार मऊ असली तर वाकून तशीच राहते. हा मेळ बसवण्यात अमेरिकेचे दंतवैद्य एडवर्ड अँगल (१८५५-१९३०) यांनी आयुष्य घालवले.

१८७८ मध्ये पदवी घेतलेल्या अँगल यांनी आधी महागड्या सोन्याऐवजी जर्मन सिल्व्हर वापरले. (नावात चांदी, प्रत्यक्षात तांबे, निकेल आणि जस्त!) १८९९ मध्ये त्यांनी केलेले वाकड्या दातांचे वर्गीकरण आजही शिकवले जाते.

खरी अडचण गोल तारेची होती. तिने दाताचा वरचा भाग कलतो, मूळ मात्र हवे तसे वळत नाही. वयाच्या सत्तरीत, १९२५ च्या सुमारास, अँगल यांनी तोडगा काढला: ०.०२२ बाय ०.०२८ इंचांची खाच आणि तिच्यात घट्ट बसणारी आयताकृती तार. ती खाचेत फिरत नाही, त्यामुळे तारेला दिलेला पीळ थेट मुळापर्यंत पोचतो. ही तार मात्र पुन्हा सोन्याच्या मिश्रधातूचीच होती. तिच्याहून जवळपास दुप्पट ताठ आणि स्वस्त स्टील रूढ झाले ते अँगल गेल्यावर. त्यांच्या खाचेचे माप अजूनही वापरात आहे.