हिस्लॉप साहेबांचे शंख

आमचं गाव लोहारा तालुक्यात, किल्लारीच्या अगदी शेजारचं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आजी अजून सांगते. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण सिव्हिलला आल्यावर सरांनी वर्गात एक आकडा सांगितला आणि तो डोक्यातून जाईना. भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतला, तेव्हा 338 मीटरपर्यंत काळा पाषाण लागला आणि त्याखाली 8 मीटर गाळाचा थर. म्हणजे लाव्हा पसरण्याआधीची जमीन! तिच्यावर कोण राहत होतं? सर म्हणाले, स्टीफन हिस्लॉप वाच. मित्रांनो, नागपूरला हिस्लॉप कॉलेज आहे एवढंच मला ठाऊक होतं.

हा माणूस 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स गावी जन्मला. 1845 मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आला, मराठी शिकला, शाळा काढली. पगार त्याचाच. दगड हा फावल्या वेळचा नाद. जोडीला रॉबर्ट हंटर हा सहकारी. शिक्षण धर्मशास्त्राचं, पण नजर आपल्या सर्व्हेवाल्यांना लाजवेल अशी.

नशीबही त्याचं बरं. आपल्याकडे पाषाणाची जाड गादी, खालचं काही दिसत नाही. नागपूर मात्र या गादीच्या काठावर. तिथं खालचे थर उघडे पडलेत. कामठीच्या वालुकाश्मात त्याला ग्लॉसोप्टेरिसची पानं मिळाली. ही झाडं साधारण 25 कोटी वर्षांपूर्वीच संपली. त्यांच्या ठशांवरून भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया एकेकाळी जोडलेले होते हे पुढे ओळखता आलं. दक्षिणेला मांगलीला एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. 1855 मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स नाव दिलं. चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला हाडं मिळाली. त्याच पिसदुऱ्याच्या डायनोसॉरच्या विष्ठेच्या दगडांत 2005 मध्ये गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं हा समज मोडला.

पण मला आवडतं ते टाकळीचं काम. टाकळी आता नागपूर शहरातच आली. तिथं पाषाणाच्या दोन थरांच्या मधे त्याला गोड्या पाण्यातले शंख, फळं, बिया सापडल्या. याचा अर्थ लाव्हा एकदम आला नाही. एक थर आला, थंड झाला, त्यावर तळी साठली, शंख वाढले, झाडं उगवली आणि मग पुन्हा लाव्हा. पुन्हा सगळं खलास. परत सुरुवात.

वयाच्या बाबतीत मात्र तो थोडा चुकला. शंख बघून त्याने हे थर डायनोसॉरनंतरच्या काळातले ठरवले. आज ते सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचे, म्हणजे डायनोसॉर संपले त्याच सुमाराचे धरतात. किरणोत्सर्गावरून वय काढायची सोय त्याच्याकडे कुठली? हातात हातोडा आणि खाली घोडा, बस्स.

4 सप्टेंबर 1863 ला तो टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघायला गेला होता. परतताना रात्र झाली, ओढ्याला पूर आला होता. घोडा परत आला, स्वार आला नाही. चार दिवसांनी त्याला 46 वर्षं पूर्ण झाली असती. गोंडांविषयीची त्याची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. कॉलेज निघालं 1883 मध्ये.

उन्हाळी सुट्टीत आमच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं. पाषाण फोडता फोडता तांबड्या मातीचा एक पट्टा लागला. दोन लाव्हांच्या मधे हवा-पाण्याने झिजून तयार झालेली माती ती. मी खाली उतरून तासभर उकरत बसलो. एकही शंख नाही. वरून आजी विचारत होती, काय हरवलं रे बाळा म्हणून.