धम्माला चिनी वाणी देणारे आचार्य कुमारजीव

धम्मप्रसार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सम्राट अशोक आणि त्याचे शिलालेख उभे राहतात. चीनमध्ये मात्र धम्म रुजला तो मुख्यतः भाषांतरकारांच्या श्रमांवर. त्या परंपरेत आचार्य कुमारजीव यांचे स्थान फार वरचे आहे.

मध्य आशियातील कूचा राज्यात इ. स. 344 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. पिता कुमारायण भारतीय, माता जीवा कूचाच्या राजघराण्यातील. मुलाच्या नावात दोघांचीही नावे गुंफलेली. सातव्या वर्षी त्यांनी गृहत्याग केला. भिक्खुणी झालेल्या मातेसोबत ते काश्मीरला गेले आणि तेथे बंधुदत्तांकडे शिकले.

त्यांची विद्वत्ताच त्यांच्यावरील संकटाचे निमित्त ठरली. 384 मध्ये चिनी सेनापती लू ग्वांगने कूचा जिंकले आणि आचार्यांना बंदी केले. त्याने त्यांचा बळजबरीने विवाह लावला, भिक्खूचे व्रत मोडायला लावले आणि लियांगचौ प्रांतात सुमारे 17 वर्षे अडकवून ठेवले. लू ग्वांगला धम्माविषयी आस्था नव्हती. चरित्रकार ही वर्षे चार ओळींत उरकतात. मला मात्र ती महत्त्वाची वाटतात. कारण याच काळात ते चिनी भाषेत मुरले. ग्रंथांतील भाषेइतकीच शिपाई आणि व्यापाऱ्यांची बोलीही त्यांच्या कानांवर पडली असणार.

401 मध्ये राजा याओ शिंगने त्यांना चांगआन या राजधानीत सन्मानाने आणले. तेथील भाषांतर ही एकट्याने बसून करायची गोष्ट नव्हती. आचार्य मूळ ग्रंथ हाती घेऊन चिनी भाषेत अर्थ सांगत, जमलेले शेकडो भिक्खू शंका काढत, जुनी भाषांतरे ताडून पाहिली जात आणि मगच लेखनिक मजकूर उतरवून घेत. पूर्वीचे भाषांतरकार निर्वाणासारख्या संकल्पनेला ताओ मताचा शब्द लावून मोकळे होत; त्यामुळे ऐकणाऱ्याला धम्म म्हणजे आपलेच जुने तत्त्वज्ञान वाटे. हा घोटाळा आचार्यांनी बराचसा दूर केला.

406 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचे काम चालू असताना, देव आणि माणसे परस्परांना पाहतात अशा आशयाच्या वाक्यापाशी ते थांबले. जुने भाषांतर अर्थाला धरून होते, पण चिनी कानाला ओबडधोबड लागत होते. शिष्य सेंगरुईने सुबक पर्याय सुचवला आणि गुरूंनी तो आनंदाने स्वीकारला. तरीही मूळ गाथांची लय परभाषेत हरवते, ही खंत त्यांना कायम राहिली.

आपल्यालाही हे परके नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. आपल्या घराघरांत तो पोहोचला तो मराठी अनुवादातून. त्या अनुवादकांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

कुमारजीवांचे निधन 413 च्या सुमारास झाले. दहनानंतरही त्यांची जीभ जळली नाही, अशी आख्यायिका आहे. चमत्कार बाजूला ठेवू. दोन शतकांनंतर ह्युएन त्संग यांनी वज्रच्छेदिका सूत्राचे अधिक काटेकोर भाषांतर केले, पण लोकांच्या पठणात कुमारजीवांचेच राहिले. 868 मध्ये लाकडी ठशांवरून छापलेली त्याची प्रत दुनहुआंगच्या गुहेत सापडली. छपाईची तारीख नोंदलेले, आज उपलब्ध असलेले ते जगातील सर्वांत जुने संपूर्ण पुस्तक होय. सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी ते छापल्याची नोंद त्यावर आहे.