मुळांवरच्या गाठी आणि नेथन कॉब

बदलापूर गावात उल्हास नदीकाठच्या मळ्यात वांग्याचे पिवळे पडलेले झाड उपटले आणि मुळांवर गाठी दिसल्या, तर सूत्रकृमींचा संशय घ्यावा. साध्या डोळ्यांना न दिसणारे हे कृमी मातीतून वेगळे काढण्याची पद्धत नेथन कॉब यांनी दिली.

कॉब यांचा जन्म 1859 मध्ये अमेरिकेत झाला. जर्मनीतील येना विद्यापीठात 1888 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता देवमाशांतील परजीवी सूत्रकृमी. अशा कृमींच्या अळ्या समुद्री माशांत राहतात. जात ओळखण्यासाठी ओठ, अन्ननलिका आणि शेपटीची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. हीच सवय पुढे शेतीच्या कामी आली.

ते ऑस्ट्रेलियात गेले आणि न्यू साउथ वेल्सच्या कृषी विभागात वनस्पती रोगतज्ज्ञ झाले. 1907 पासून ते अमेरिकेच्या कृषी खात्यात होते. 1918 मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडली: माती पाण्यात ढवळायची, जड कण तळाशी बसू द्यायचे आणि वरचे पाणी क्रमाने बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून गाळायचे. 1932 मध्ये त्यांचे निधन झाले. पद्धत मात्र आजही प्रयोगशाळांत वापरात आहे.

म्हणून अंदाजाने औषध टाकू नये. मुळांजवळची 15 ते 20 सेंमी खोलीपर्यंतची ओलसर माती व थोडी मुळे पिशवीत भरावीत, सावलीत ठेवावीत आणि लवकर तपासणीस द्यावीत. सूत्रकृमीची जात कळली, तरच फेरपालटाचे पीक नेमके निवडता येते.