जेम्स थॉमस मोल्सवर्थ

जेम्स थॉमस मोल्सवर्थ (जन्म: इ.स. १७९५) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी व मराठी-इंग्रजी शब्दकोशाचे संपादक होते. स्वयंपाकघर, शेत व बाजार यांतील प्रादेशिक शब्दांना कोशात स्थान दिल्यामुळे मराठी बोलींच्या अभ्यासात त्यांचे कार्य आजही आधारभूत मानले जाते.

== जीवन ==
मोल्सवर्थ इ.स. १८१२च्या सुमारास लष्करी सेवेसाठी भारतात आले. नोकरीत असतानाच त्यांनी मराठी शब्दांचे संकलन सुरू केले. पुढे सरकारने हे काम त्यांच्याकडे सोपवले. जॉर्ज व थॉमस कँडी हे बंधू त्यांचे साहाय्यक होते. धार्मिक विचारांशी सैनिकी पेशा जुळेना, म्हणून त्यांनी पुढे लष्कराचा राजीनामा दिला. इंग्रजी-मराठी कोशाचे कामही त्यांनी आरंभले होते. परंतु प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी परतले आणि तो कोश थॉमस कँडी यांनी पूर्ण करून इ.स. १८४७मध्ये प्रसिद्ध केला. मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी मोल्सवर्थ पुन्हा भारतात आले. ते काम संपल्यावर ते इंग्लंडला परतले.

== कोशकार्य ==
या कामाशी निगडित असलेल्या शास्त्रीमंडळात जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल व परशुरामपंत गोडबोले हे होते. या मंडळाचा ''महाराष्ट्र भाषेचा कोश'' इ.स. १८२९मध्ये छापला जाऊ लागला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश इ.स. १८३१मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स. १८५७च्या सुधारित आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत.

== बोलींतील शब्दांची नोंद ==
मोल्सवर्थ यांनी ग्रंथांतील शब्दांबरोबर बोलण्यातील शब्दही घेतले आणि कोकणात चालणाऱ्या शब्दांपुढे तशी खूण केली. त्यामुळे एकाच वस्तूची वेगवेगळी नावे एकाच कोशात सापडतात. रत्नागिरीकडे ज्याला रातांबा म्हणतात, त्याच फळाला सावंतवाडी व गोव्याकडे भिरंड म्हणतात. त्याची वाळवलेली साल म्हणजे आमसूल. शिरूर, तळेगाव ढमढेरे यांसारख्या देशावरील गावांत भाकरीबरोबरच्या पातळ पदार्थाला कालवण किंवा कोरड्यास म्हटले जाते. पीठ मळण्याची काथवट, तांदूळ धुण्याची रोवळी, मडक्यांची उतरंड हे घरगुती शब्दही कोशात आहेत. यांपैकी अनेक वस्तू आता वापरातून गेल्या असून त्यांची नावे समजून घेण्यास हा कोश उपयोगी पडतो.

== मर्यादा ==
कोशाचे काम मुंबई इलाख्यात झाले. इ.स. १८५३पर्यंत वऱ्हाड निजामाकडे व नागपूर भोसल्यांकडे होते. त्यामुळे देश व कोकण यांच्या तुलनेत तिकडील बोलींचे प्रतिबिंब कोशात कमी पडले. पेरूला जांब किंवा लाल भोपळ्याला कोहळे म्हणणे हा विदर्भातील प्रघात आहे. इतरत्र हेच शब्द वेगळ्या फळांना लावले जातात. वऱ्हाडी, गोमंतकी इत्यादी बोलींचे शब्द प्रदेशाच्या खुणेसह नोंदवण्याचे काम पुढे य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या ''महाराष्ट्र शब्दकोशा''ने (१९३२–३८) अधिक विस्ताराने केले.

== वारसा ==
बाबा पदमनजी यांनी इ.स. १८६३मध्ये या कोशाची संक्षिप्त आवृत्ती काढली. इ.स. १९७५मध्ये पुण्यातून मूळ कोशाचे पुनर्मुद्रण झाले. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात तो आंतरजालावर उपलब्ध आहे.